उन्हाळ्याच्या अंदाजातलं 'तुरळक ठिकाणी' आलं कुठून

एप्रिल लागला की आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ फिरायला लागते, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा, आणि त्याच्याच खाली उष्णतेचा इशारा. मग लोक चिडतात, ऊन सांगताय का पाऊस, एक काहीतरी सांगा की राव. दरवर्षी हेच होतं म्हणून ठरवलं की ह्या ओळीची पार्श्वभूमी एकदा नीट लिहून काढायची, कारण ती समजली नाही तर आपण चुकीच्या वेळी निर्धास्त राहतो, आणि त्यात माल जातो, गुरं जातात, कधी माणूससुद्धा जातो.

आधी 'मराठवाडा' हा शब्द त्यात का येतो ते बघू. हवामान खातं १८७५ ला सुरू झालं, आणि त्यांनी देशाचे जे ३६ हवामान उपविभाग केलेत त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला चार येतात, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. म्हंजे आपले आठ जिल्हे, साधारण ६४ हजार चौरस किलोमीटर, हे सगळं एका ओळीत. आणि 'तुरळक ठिकाणी' हा काही अंदाजपंचे टाकलेला शब्द नाही, त्याला माप आहे. उपविभागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, २६ ते ५० असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ ला बऱ्याच ठिकाणी, त्याच्या वर गेलं की बहुतांश ठिकाणी. आता बघा, तुरळक सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं ठरलं तरी चारातल्या तीन जागी थेंबही पडणार नाही! हिंगोलीतल्या सेनगावला गारा आणि शेजारच्या परभणीतल्या जिंतूरला रणरणतं ऊन, दोन्हीकडचे लोक एकाच अंदाजाबद्दल बोलतायत आणि अंदाज दोन्हीकडं बरोबर आहे.

जुन्या लोकांकडं ह्याला वेगळी भाषा होती. रोहिणी साधारण २५ मे ला निघते, मृग ७-८ जूनला, त्याच्या आगेमागे जो गडगडाट करून येतो तो वळीव, आणि वळवाची लोक वाट बघायचे कारण नांगरून तापवलेल्या रानाला तो पाहिजेच असायचा. फेब्रुवारी-मार्चमधे उभ्या ज्वारी-गव्हावर येतो तो अवकाळी. आता टीव्हीवाले सगळ्यालाच अवकाळी म्हणतात, मला हे खटकतं, कारण हे दोन पाऊस येतात वेगळ्या कारणानं आणि नुकसानही वेगळं करतात.

वळवाचं गणित उन्हातच आहे. काळी जमीन तापते, मे मधे पारा ४२-४३ वर जातो, खालची हवा हलकी होऊन वर उठायला बघते, पण नुसत्या तापण्यानं ढग होत नाही, ओल लागते. वायव्येकडून कोरडं वारं येत असतं आणि बंगालच्या उपसागराकडून, कधी अरबी समुद्राकडून दमट वारं, ह्या दोघांची गाठ जिथं पडते तिथं कमी दाबाची एक लांब पट्टी तयार होते, विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून पार खाली केरळ-तामिळनाडूपर्यंत. ती पट्टी आपल्या डोक्यावर असली की दुपारी तीन-चारपर्यंत भाजून काढणारं ऊन, मग एकदम वावटळ, आभाळ काळंनिळं, आणि अर्ध्या तासात लिंबाच्या फांद्या जमिनीवर. म्हणून ऊन आणि वादळ एकाच इशाऱ्यात येतात, ऊन हेच त्या वादळाचं सरपण आहे.

गारपिटीचं तसं नाही. ती जास्त करून फेब्रुवारी ते एप्रिलमधे, कारण तेव्हा उत्तरेकडचे पश्चिमी विक्षोभ, म्हंजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या थंडीतल्या वादळी प्रणाली, बरेच खाली दक्षिणेकडं उतरले तर वरची हवा फार थंड असते आणि गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. २०१४ ला हेच झालं, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत दोन आठवड्यांवर नुसत्या गारा. आमच्याकडं तेव्हा हळद शिजवून वाळत घातलेली होती, आखाड्यावर, म्हंजे शेतातल्या वस्तीवर, ताडपत्री एकच, आणि हळद झाकायला पळालो तेव्हा गारांनी पाठ फोडली होती. हळद काळी पडली, भाव निम्म्यावर आला. माझ्यासाठी अंदाज वाचायची सवय तिथून लागली, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची तीच कथा आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत जालना, बीडकडं पुन्हा तसंच झालं.

अंदाज लहान लहान जागेपर्यंत पोचायला मात्र फार वर्षं लागली. आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी १९४५ ला सुरू झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, भारतात आलो १७ सप्टेंबर १९४८ ला. परभणीचं कृषी विद्यापीठ झालं १९७२ ला, दुष्काळाच्याच वर्षी. जिल्ह्यापुरता पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावरून पीकसल्ला हे २००८ पासून, परभणीच्या विद्यापीठातूनही तो सल्ला निघतो आणि मराठीत असतो, वाचत जा खरंच. २०१७ च्या सुमारास महावेध ह्या राज्य सरकारच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळापर्यंत, म्हंजे काही गावांच्या गटापर्यंत आली. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं 'दामिनी' हे अ‍ॅप काढलं, आपल्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते त्यात दिसतं.

उन्हाच्या बाजूला हवामान खातं २०१६ पासून अख्ख्या उन्हाळ्याचं भाकीत द्यायला लागलं, यंदा सरासरीपेक्षा तापणार का कमी. २०१६ म्हंजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेच वर्ष. उष्णतेच्या लाटेलाही माप आहे, आपण पठारावर असलो तरी नियम मैदानाचाच लागतो, पारा किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री वर, किंवा सरळ ४५. त्यामुळं ४३ ला जीव कासावीस होतो आणि तरी कागदावर लाट नसते, कारण आपली मे ची सरासरीच चाळिशीच्या वर आहे. लाट जाहीर नाही म्हणून दुपारी बारा ते चार रानात राबायचं, असं कोणी करू नका.

आणि एक फरक डोक्यात ठेवा, उन्हाचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी जमतो कारण तापलेली हवा अख्ख्या भागावर बसते, पण वादळी ढग दहा-पंधरा किलोमीटरचा, तास-दोन तास जगणारा, तो नेमका कोणत्या गावावर फुटणार हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा असतो, पिवळा, नारंगी, लाल. सकाळी यलो अलर्ट बघून हळद, कडबा, गंजी झाकायची सोय जवळ आणून ठेवायची, आणि दुपारी तो तीन तासांचा आला की हातातलं काम टाकून गुरं लिंबाखालून सोडून गोठ्यात घ्यायची. २०२५ च्या मे मधे तर हे रोज चालू होतं, महिनाभर, आणि ताडपत्री आम्ही घडी घातलीच नाही.