सोन्याची अंडी देणारी कोंबडी आणि चक्रवाढ व्याज

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा ठाण्यात ‘व्हेलची उलटी’ विकायला आलेल्यांना अटक झाल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि तिच्यासोबत हमखास काही कोटींचा आकडा छापलेला असतो. मुळात अंबरग्रीस ही उलटी नाही. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळांच्या न पचलेल्या चोचींभोवती साचणारा पदार्थ आहे, त्याच्या अंगी कोणतीही दैवी किंवा औषधी शक्ती सिद्ध झालेली नाही, आणि भारतात त्याचा व्यापारच बेकायदा असल्यामुळे त्या कोटींच्या आकड्यामागे खुला बाजारभाव नसतो. परंतु या बातम्यांमुळे एक मोठा गैरसमज पक्का होतो, तो म्हणजे निसर्गाची हानी प्रामुख्याने चोर आणि तस्कर करतात. देवमाशांचा खरा संहार परवाने घेतलेल्या, लेखापरीक्षण होणाऱ्या, भागधारकांना लाभांश देणाऱ्या कंपन्यांनी केला, आणि तो समजून घ्यायला शाळेत शिकलेले चक्रवाढ व्याज पुरेसे आहे.

देवमाशाच्या तेलापासून साबण आणि मार्गारीन बनत असे. 1925 च्या सुमारास मागच्या बाजूने अख्खा देवमासा वर ओढून घेता येईल अशी उतरण असलेली कारखाना-जहाजे आली आणि किनाऱ्यावरच्या तळाची गरज उरली नाही. 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिक समुद्रात सुमारे 29 हजार निळे देवमासे मारले गेले. शिकारीपूर्वी तेथे ते 2 लाखांहून अधिक असावेत असा अंदाज आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काही शे उरले होते.

सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कापणारा माणूस मूर्ख होता, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग अनुभवी व्यापाऱ्यांनी तोच मूर्खपणा कसा केला? हा प्रश्न कॅनडातील गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी 1973 मध्ये हाती घेतला आणि त्यांचे उत्तर अस्वस्थ करणारे होते: विशिष्ट परिस्थितीत कोंबडी कापणे हाच अधिक फायद्याचा व्यवहार ठरतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समुद्रात 1 लाख देवमासे आहेत, प्रत्येकाची किंमत 1 लाख रुपये आहे आणि त्यांची संख्या वर्षाला 3 टक्क्यांनी वाढते. फक्त वाढीइतकेच, म्हणजे 3 हजार देवमासे दरवर्षी मारले, तर कळप कायम राहतो आणि 30 कोटी रुपये मिळत राहतात. उलट सगळे एकदम मारले, तर 1 हजार कोटी रुपये हाती येतात, आणि ते 7 टक्के व्याजाने गुंतवले की समुद्रात एकही देवमासा न उरता दरवर्षी 70 कोटी मिळतात. निळ्या देवमाशाची मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. पैसा तिच्यापेक्षा वेगाने वितो.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे वटाव, म्हणजेच पुढे मिळणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य काढणे. आजचे 100 रुपये 7 टक्क्यांनी 10 वर्षांत जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून 10 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मूल्य सुमारे 51 रुपये भरते. 50 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांचे ते 3 रुपये 40 पैसे होते आणि 100 वर्षांनी मिळणाऱ्यांचे अवघे 12 पैसे.

अर्थात वरचे उदाहरण ढोबळ आहे. प्रत्यक्षात वाढीचा दर स्थिर नसतो: कळप लहान असताना प्रत्येकाला भरपूर खाद्य मिळते आणि दर सर्वाधिक असतो, कळप समुद्राच्या धारणक्षमतेजवळ, म्हणजे समुद्र पोसू शकेल त्या कमाल संख्येजवळ, पोहोचला की हा दर शून्यावर येतो. त्यामुळे साधारणपणे फायद्याचा हिशोब कळपाला अशा आकारापर्यंत खाली आणतो, जिथे आणखी एक देवमासा राखून ठेवल्याने मिळणारा परतावा व्याजदराइतका होईल. कळप लहान होत गेला की वाढीचा दर चढतो आणि कुठेतरी ही बरोबरी साधते. पण व्याजदर कळपाच्या कमाल वाढीच्या दरापेक्षाही पुरेसा जास्त असेल, आणि शेवटचा देवमासा शोधून मारण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा कमी असेल, तर ही बरोबरी कुठेच साधत नाही आणि हिशोब शून्यावर जाऊन थांबतो. निळ्या देवमाशांच्या बाबतीत दुसरी अटही फारशी आड आली नाही, कारण जहाजे फिन आणि सेई देवमाशांसाठी समुद्रात जातच होती. वाटेत निळा दिसला तर त्याला मारण्याचा जादा खर्च नगण्य होता. देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा कोटासुद्धा तेलाच्या मापाने ठरे: 1 निळा म्हणजे 2 फिन किंवा 6 सेई. कोणती जात संपत आली आहे, हे त्या मापात कुठेच उमटत नव्हते. व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय 1982 मध्ये झाला.

समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही म्हणून हे घडले, असे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते अंशतः खरे आहे, कारण मी सोडलेला मासा दुसरा पकडणार असेल तर मी थांबत नाही. मात्र क्लार्क यांचे गणित एकाच मालकाला गृहीत धरूनही विनाशापर्यंत पोहोचते, म्हणून सगळ्याचे खासगीकरण केले की निसर्ग वाचेल या दाव्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

शिवाय हा व्याजदर सर्वांसाठी सारखा नसतो. मोठ्या कंपनीला 8-9 टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर सावकाराकडून महिना शेकडा 3 रुपयांनी पैसे उचलणारा शेतकरी वर्षाला 36 टक्के भरत असतो. त्याच्या बांधावरचा आंबा लाकडाच्या किमतीच्या 36 टक्क्यांइतके उत्पन्न दरवर्षी देत नसेल, तर तो तोडून मुद्दल फेडणेच त्याला परवडते. तो झाड तोडतो तेव्हा आपण त्याला पर्यावरणाचे महत्त्व समजावतो. ते त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, पण त्याच्या डोक्यावर 36 टक्के असतात.

हवामानबदलाच्या अर्थशास्त्रातील सर्वांत कडवा वादही याच दरावरून झाला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी 2006 च्या ब्रिटिश सरकारसाठीच्या अहवालात वटावाचा दर सुमारे 1.4 टक्के धरून कार्बन उत्सर्जनात तातडीने मोठी कपात सुचवली. पुढे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस सुमारे 5.5 टक्के धरून सावकाश सुरुवातीच्या बाजूने होते. 100 वर्षांनंतर कोणाचे 100 रुपयांचे नुकसान होणार असेल, तर ते टाळण्यासाठी आज पहिल्या दराने सुमारे 25 रुपये खर्चणे योग्य ठरते आणि दुसऱ्या दराने 47 पैसे.