कोबीवरचा आळ

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडला की पहिला सल्ला शेजारून येतो, "आता कोबी-फ्लॉवर बंद!" या समजाचं एक मूळ सशांपर्यंत जातं. 1928 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मुख्यतः कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला. कोबीतली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, हे खरंच. पण त्यासाठी रोज ढीगभर कच्चा कोबी आणि जोडीला आयोडीनची कमतरता लागते. आपण भाजी शिजवून खातो, मीठही आयोडीनयुक्त.

थायरॉइड मंदावण्याचं नेहमीचं कारण वेगळंच आहे: शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक (हार्मोन), कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक वाढवून तिला हाका मारत राहते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुतेकदा थायरॉइड मंद. हे उलटं गणित भल्याभल्यांना चकवतं.

पथ्य पाळायचंच तर थायरॉइडच्या गोळीचं पाळा: उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी 4 तासांनी. कोबी कटाक्षाने टाळणारी कितीतरी मंडळी थायरॉइडची गोळी मात्र चहाच्या घोटाबरोबरच घेतात.