प्रतीक्षा व देवाचे मौन (ख्रिस्ती आध्यात्मिकता)

प्रार्थनेला उत्तर मिळत नाही, देवाच्या सान्निध्याची जाणीवही उरत नाही, अशा काळात त्याच्या वचनाला धरून राहण्याची वृत्ती. निमूट सोसणे म्हणजे प्रतीक्षा नव्हे. वाट पाहणाऱ्याला विलापाची, देवाला जाब विचारण्याचीही मुभा आहे. बायबलमधील तेराव्या स्तोत्राच्या आरंभीच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो.

जुन्या करारात या वृत्तीसाठी ‘कावाह’, ‘याहल’ व ‘हाकाह’ ही इब्री क्रियापदे आढळतात. पैकी ‘कावाह’ची व्युत्पत्ती विवाद्य आहे. एका मतानुसार या धातूचा मूळ अर्थ पीळ घालणे किंवा ताणणे असा असावा. ‘काव’ म्हणजे मोजणीची दोरी, ‘तिक्वाह’ म्हणजे आशा. आणि इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीलाही यहोशवाच्या पुस्तकात (2:18) ‘तिक्वाह’च म्हटले आहे. यावरून प्रतीक्षा म्हणजे देवाशी दोरासारखे पिळले जाणे, असा अर्थ प्रवचनांतून सांगितला जातो. धातूवरून धर्मशास्त्रीय अर्थ काढण्याच्या या पद्धतीवर बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 मध्ये कठोर टीका केली. शब्दाचा अर्थ वापरावरून ठरतो, हे त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. वापर पाहायचा तर 130 वे स्तोत्र पुरेसे बोलके आहे: पहारेकरी पहाटेची वाट पाहतो ही उपमा तेथे लागोपाठ दोनदा येते. पहाट होणार याबद्दल पहारेकऱ्याला शंका नसते, पण ती लवकर आणणे त्याच्या हाती नसते.

अब्राहामाला संततीचे वचन मिळाले तेव्हा तो 75 वर्षांचा होता. त्या वचनाचा पुत्र इसहाक जन्मला तेव्हा 100. त्याआधी दासीपासून झालेल्या इश्माएलच्या जन्मानंतर (वय 86) पुढच्या दर्शनापर्यंत (वय 99) उत्पत्तीचे पुस्तक देवाचा एकही शब्द नोंदवत नाही. ही तेरा वर्षे त्या पुस्तकाच्या दोन लागोपाठच्या ओळींमध्ये दडलेली असल्याने वाचकाच्या सहसा लक्षात येत नाहीत.

संदेष्टा मलाखी (बहुधा इ. स. पू. पाचवे शतक) ते बाप्तिस्मा करणारा योहान या काळाला प्रॉटेस्टंट परंपरेत ‘मौनाची चारशे वर्षे’ म्हणतात. ही संज्ञा जपूनच वापरावी. दानीएलाच्या पुस्तकाला अनेक अभ्यासक इ. स. पू. दुसऱ्या शतकात ठेवतात, आणि कॅथलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या पवित्र शास्त्रात याच काळातील मक्काबींची पुस्तके आहेत. मात्र संदेष्टे उरले नाहीत ही जाणीव त्या काळच्या लोकांनाही होती. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकानुसार (4:46) विटाळलेल्या वेदीचे धोंडे टाकून न देता मंदिराच्या टेकडीवर रचून ठेवले गेले; त्यांचे काय करावे हे एखादा संदेष्टा येऊन सांगेपर्यंत.

नव्या करारात मौन सर्वांत गडद होते ते क्रुसावर, जेथे येशू 22 व्या स्तोत्राचा आरंभ, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस?’, उच्चारतो (मार्क 15:34).

क्रुसाचा संत योहान (1542–91) याने या अनुभवाला ‘अंधारी रात्र’ असे नाव दिले. त्याच्याच संघातील विरोधकांनी त्याला टोलेडो येथे सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले होते. 1578 च्या ऑगस्टमध्ये तो निसटला. प्रत्येक उदासीला तो रात्र म्हणत नाही. त्याने तीन खुणा सांगितल्या: देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्याही नाही, आपण देवापासून ढळतो आहोत की काय ही टोचणी, आणि पूर्वीसारखे मनन न जमणे. तिन्ही एकत्र असाव्यात, हा त्याचा आग्रह फार मोलाचा आहे. मदर तेरेसा यांनीही दीर्घकाळ असा अंधार भोगल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून दिसते.

आचरणाबाबत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियम प्रसिद्ध आहे: शुष्कतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. उपासनेत आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे) व पवित्र शनिवार (ईस्टरच्या आदला दिवस) हे प्रतीक्षेचे दिवस होत. 88 वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते, पुढे दिलाशाची ओळ नाही. रोमन कॅथलिक प्रार्थनाविधीत ते शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वी म्हटले जाते.