हत्ती संवर्धन निधी (बेळगाव सीमाभाग)

हत्तींचे रक्षण, संशोधन आणि लोकशिक्षण यांसाठी सरकार, कंपन्या व देशी-विदेशी संस्था देतात तो पैसा. बेळगाव जिल्ह्यात त्याचा संबंध प्रामुख्याने खानापूर तालुक्याशी येतो. या तालुक्याला लागून उत्तर कन्नड जिल्हा आहे. तेथील दांडेलीचे जंगल २०१५ मध्ये हत्ती राखीव क्षेत्र झाले. तालुक्यातच भीमगड अभयारण्य (२०११) आहे आणि पश्चिमेला गोवा व महाराष्ट्र. कर्नाटकातील हत्ती २००२ मध्ये सिंधुदुर्गात आणि २००४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात पोहोचले ते याच बाजूने.

सरकारी पैशाचा मुख्य झरा म्हणजे केंद्राचा १९९२ चा हत्ती प्रकल्प. आता तो व्याघ्र प्रकल्पासोबत एकाच योजनेत आहे. कर्नाटकासारख्या राज्यांत केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात खर्च उचलतात. जंगलजमीन दुसऱ्या कामासाठी दिल्यावर भरावी लागणारी रक्कम ‘कॅम्पा’ निधीत जाते; २०१६ च्या कायद्याने तिचा ९० टक्के वाटा राज्याला मिळतो.

गावात मात्र निधी म्हटले की नुकसानभरपाईच आठवते. सुगीच्या तोंडावर कळप भातात किंवा उसात शिरला की एका रात्रीत वर्षाची कमाई तुडवली जाते. मग वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, उतारा आणि ‘ई-परिहार’ या ऑनलाइन भरपाई प्रणालीतील नोंद. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर कसणाऱ्याचा दावा अडतो, आणि हत्तीविषयीचा राग तिथूनच वाढतो. मनुष्यहानीसाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये रक्कम ५ वरून १० लाख रुपये केली. कर्नाटक त्याहून अधिक देते.

दुसरा मोठा खर्च हत्ती अडवणारे चर आणि सौर कुंपण यांचा. सौर कुंपणाचा झटका हत्तीला मागे फिरवतो, मारत नाही. पण पश्चिम घाटाच्या पावसात तारांवर वेली चढतात, बॅटरी उतरते आणि कुंपण निकामी होते. ते उभारायला पैसा एकदा लागतो, चालू ठेवायला दरवर्षी. मंजुरीतच ही तरतूद हवी. बंद कुंपणाला कंटाळून कोणी घरच्या लाईनची वीज तारेत सोडली, तर हत्तीही मरतो आणि माणूसही. भारतात हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण विजेचा धक्का हेच आहे.

संशोधनासाठी अमेरिकेचा आशियाई हत्ती संवर्धन निधी (१९९७ चा कायदा) आणि इंटरनॅशनल एलिफंट फाउंडेशन (१९९८) प्रस्ताव मागवून अनुदान देतात. भारतीय संस्थेला असा पैसा घेण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली मान्यता लागते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही वन्यजीव रक्षणासाठी वापरता येतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन सुकुमार यांनी माणूस-हत्ती संघर्षावर केलेले काम पायाभूत मानले जाते. विष्ठेतील डीएनएवरून केलेल्या आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशात सुमारे २२,४४६ हत्ती असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ६,०१३ कर्नाटकात, म्हणजे सर्वाधिक.

या सीमाभागाची खरी गरज एकत्रित अभ्यासाची आहे. कळप तोच, पण परवानगी आणि अंदाजपत्रक राज्यागणिक वेगळे. त्यामुळे हत्ती सिंधुदुर्गातील तिलारीकडे उतरला की इकडची नोंद तिथेच तुटते. लोकशिक्षणात भाषेचा प्रश्न येतो. खानापूरच्या जंगलकाठी राहणारे बहुसंख्य शेतकरी मराठी बोलतात. हत्ती जवळ असल्याचा रात्रीचा इशारा, रस्त्यावरचे फलक आणि शाळेतील पुस्तिका कन्नडबरोबर मराठीतही निघाव्यात, आणि हा खर्च प्रकल्पाच्या प्रस्तावात सुरुवातीलाच धरावा.