गुणाकार स्वस्त, हमाली महाग

ब्रिटनच्या ‘एरिया’ या सरकारी संशोधनसंस्थेने ‘स्केलिंग कम्प्यूट’ या कार्यक्रमासाठी ४ कोटी २० लाख पौंड ठेवले आहेत. मोठी एआय मॉडेल्स शिकवायला लागणाऱ्या हार्डवेअरचा खर्च हजारपटीने खाली आणायचा, हे उद्दिष्ट. म्हणजे आणखी वेगवान चिप हवी, असे आपल्याला वाटते. पण गुणाकाराचा वेग आजच उतू जातो आहे.

एनव्हिडियाची एच१०० ही एआयसाठीची चिप घ्या. १६ बिटांच्या आकड्यांवर ती सेकंदाला सुमारे ९९० लाख कोटी क्रिया करते आणि मेमरीतून सेकंदाला ३,३५० गिगाबाइट उचलते. ७०० कोटी वेट्सचे (म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांचे) मॉडेल १४ गिगाबाइट भरते. उत्तरातला एकेक तुकडा (शब्द किंवा शब्दाचा भाग) काढताना ही सगळी वेट्स वाचावी लागतात : ४.२ मिलिसेकंद. त्यांवरचे गुणाकार आणि बेरजा ०.०१४ मिलिसेकंदात संपतात. उरलेला वेळ चिप वाट पाहत बसते. (डेटा सेंटर शेकडो लोकांचे प्रश्न एकत्र घेऊन एका वाचनात भागवते. घरच्या संगणकाला ती सोय नाही.)

विजेचेही तेच. ४५ नॅनोमीटरच्या चिप-तंत्रात ३२ बिटांच्या एका गुणाकाराला सुमारे ३.७ पिकोज्यूल (ज्यूलचा अतिसूक्ष्म अंश) लागतात आणि तोच आकडा डीरॅममधून, म्हणजे चिपबाहेरच्या मेमरीतून, आणायला सुमारे ६४०. पावणेदोनशेपट हमाली!

मग वेट हलवूच नये. आडव्या-उभ्या तारांची जाळी करा आणि प्रत्येक छेदावर रोध बदलता येणारा ठिपका ठेवा. ठिपक्याची वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्तांक, हेच वेट. आडव्या तारांवर इनपुटचे आकडे व्होल्टेज म्हणून द्या. नववीतल्या ओहमच्या नियमाने प्रत्येक ठिपक्यातून व्होल्टेज गुणिले वाहकता एवढा प्रवाह निघतो : गुणाकार झाला. उभ्या तारेत ते प्रवाह आपोआप मिसळतात, किरचॉफच्या नियमाने : बेरीज झाली. २५६ बाय २५६ च्या जाळीत ६५,५३६ गुणाकार एका दमात होतात आणि एकही वेट जागचे हलत नाही.

आता खोड्या. वाहकता ऋण नसते, म्हणून प्रत्येक वेटला दोन ठिपके देऊन वजाबाकी करावी लागते. तारांनाही रोध असतो, त्यामुळे जाळी मोठी झाली की दूरच्या ठिपक्यांना व्होल्टेज कमी पोचते. फेज-चेंज प्रकारच्या ठिपक्यात (तापवून पदार्थाची रचना बदलली की त्याचा रोध बदलतो) लिहिलेले मूल्य सरकत जाते. वाहकता काळाच्या उणे ०.०५ घाताने घटते असे धरले, तर एका सेकंदाला मोजलेले मूल्य दिवसभरात ५७ टक्क्यांवर येते. आणि सगळ्यांत खर्चिक म्हणजे एडीसी, उभ्या तारेतला प्रवाह पुन्हा आकड्यात बदलणारे सर्किट. उष्णतेचा गोंगाट आड येऊ लागला की अचूकता एका बिटाने वाढवायला ऊर्जा चौपट लागते. जाळीत वाचवलेली वीज इथे उधळली जाते.

त्यातून एरियाला प्रशिक्षण स्वस्त करायचे आहे, म्हणजे वेट्स सतत बदलणार. फेज-चेंज ठिपक्याची वाहकता हळूहळू चढवता येते, पण उतरते एकदम. प्रशिक्षणाला दोन्ही बाजूंना सारखी पावले हवीत. म्हणून बंगळुरूच्या आयआयएससीचे (भारतीय विज्ञान संस्थेचे) २०२४ चे काम मला मोलाचे वाटते : रेणूंच्या पातळ थरात वाहकतेच्या १६,५२० वेगवेगळ्या पातळ्या, चढ-उतार सममित, ६४ बाय ६४ च्या जाळीत.

तरी एकट्या जाळीने हजारपट साधणार नाही. ऊर्जेच्या शंभर रुपयांपैकी नव्वद हमालीला जात असतील आणि ते सगळे वाचले, तरी फायदा दहापटच. बाकीची कपात उरलेल्या दहांतून आणि चिपच्या किमतीतून काढावी लागते. ‘मेंदू २० वॅटवर चालतो, आमची चिप मेंदूसारखी आहे’ असे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : एडीसी धरून एका क्रियेला किती ज्यूल? उत्तरात फक्त जाळीचा आकडा आला, तर अनुदानाचा अर्ज परत करावा.

आपल्याकडे २०२४ साली मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या इंडिया एआय मिशनमध्ये १०,००० हून अधिक ग्राफिक्स चिप्स उभारायच्या ठरल्या. त्या हव्यातच. पण मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरची उत्पादनरेषा आहे. जाळी आणि एडीसी एकाच सिलिकॉनवर बसवून चुका शोधायला एवढी जाड रेषाही पुरते. विद्यापीठांच्या गटांना तिथे चिप बनवून घ्यायच्या नियमित, फुकट फेऱ्या मिळाल्या, तर पहिल्या तीन-चार चिप्स बिघडतील आणि कुठे बिघडल्या ते मोजता येईल.