तो सोलो जिमी पेजचा नव्हे

म्हापशाला आमच्या बँडचा सराव सुरू झाला की कुणीतरी ठणकावतोच: द किंक्स या इंग्लिश रॉक बँडच्या ‘यू रिअली गॉट मी’ गाण्यातला गिटारचा सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) जिमी पेजने, म्हणजे पुढे लेड झेपेलिन बँडमध्ये गाजलेल्या गिटारवादकाने, वाजवलाय. नाही हो! १९६४ च्या त्या रेकॉर्डवर किंक्सचाच गिटारवादक डेव्ह डेव्हिस वाजवतोय. पेजनेही ते श्रेय नाकारलंय. पेज तेव्हा लंडनच्या स्टुडिओंत रोजंदारीवर वाजवायचा, म्हणून ही आवई.

खरी गंमत टोनची, म्हणजे गिटारच्या त्या खरखरीत आवाजाची. डेव्हिसने एल्पिको या छोट्या अ‍ॅम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि तो अ‍ॅम्प मोठ्या व्हॉक्स अ‍ॅम्पला जोडला. चिरलेला कागद थरथरतो, तीच ती खरखर. आवाज बदलणारं पेडलबिडल काही नाही. (मीही एकदा घरचा स्पीकर चिरला होता. ऐन चवथीच्या तोंडावर. आई अजून ऐकवते.)