माडी

नारळाच्या न उमललेल्या पोयीतून (फुलोऱ्यातून) झिरपणारा रस आंबून होणारे सौम्य मद्य. ताडाच्या रसाची ती ताडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. मुंबईतील दुकानांच्या पाट्यांवर ‘ताडी-माडी’ असे जोडनावच असते. न आंबलेला ताजा रस म्हणजे नीरा.

मुंबई-वसई पट्ट्यात माडी काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. ‘भंडारी’ या नावाविषयी मतभेद आहेत. एक मत ते संस्कृत ‘मंडहारक’ (मद्य गाळणारा) या शब्दाकडे नेते, दुसरे ‘भांडार’कडे, म्हणजे कोठाराच्या राखणदाराकडे. पहिले मत व्यवसायाशी जुळते. पण आरंभीच्या ‘म’चा ‘भ’ कसा झाला याचे समाधानकारक उत्तर ते देत नाही. ‘भांडार’पासून ‘भंडारी’ सहज सिद्ध होतो, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. गव्हर्नर आँजियरच्या काळातील (1669–77) मुंबईच्या शिबंदीत (पहाऱ्याच्या फौजेत) भंडारी होते, हा दाखला याच बाजूने दिला जातो. मात्र नाव त्याहून जुने असल्याने तो दुबळा ठरतो. मुंबई बेटाचा मक्ता असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या रसाला ‘सुरा’ म्हटले असून फळांचे माड व सुरेचे माड वेगळे असल्याचे नोंदवले आहे. ते स्वाभाविकच, कारण छेदलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत.

पोय फुटण्याआधी दोरीने घट्ट आवळतात, रोज हलक्या हाताने ठोकतात आणि हळूहळू खाली वाकवतात. मग शेंडा छाटून खाली मडके बांधतात. रस लागायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. पुढे सकाळ-संध्याकाळ कागदासारखी पातळ चकती कापायची. चकती जाड झाली तर पोय लवकर संपते. कोयती बोथट असली तर रसवाहिन्या चिरडून धार बंद पडते. ठोका जोराचा बसला तर पोय आतून कुजते.

रसात साखर सुमारे 12 ते 15 टक्के. विरजण लागत नाही: हवेतले व जुन्या मडक्याला चिकटलेले यीस्ट पुरते. मुंबईच्या उकाड्यात काही तासांतच फेस येतो, रस दुधाळ होतो आणि दिवसभरात अल्कोहोल 4–5 टक्क्यांवर जाते. नीरा हवी असल्यास धुतलेल्या मडक्याला आतून चुना फासतात; त्याने आंबणे मंदावते. फसफसती माडी बाटलीत घट्ट बंद करू नये, वायूच्या दाबाने बाटली फुटते.

दुसऱ्या दिवसापासून आंबटपणा चढतो. हीच माडी गाळून चिनी मातीच्या बरणीत पाऊण भरावी, वाटीभर जुने व्हिनेगर घालून तोंडाला फडके बांधावे. काही आठवड्यांत व्हिनेगर होते. धातूचे भांडे आम्लाने खाल्ले जाते. ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडील मूळ मराठी भाषक ख्रिस्ती) घरांत फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या गोल पावांचे, पीठही माडीवर फुगवीत.

1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार माड छेदण्यास व माडी विकण्यास परवाना लागतो. पाणी घालून क्लोरल हायड्रेट या गुंगी आणणाऱ्या रसायनाने नशा वाढवलेली बनावट ताडी-माडी प्राणघातक ठरू शकते.